पाण्याला पंप नसतो: बनगाव, जून १९७१

१९७१ च्या जूनमध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या रुग्णालयात पाय ठेवायला जागा नव्हती. पूर्व पाकिस्तानातून जीव मुठीत घेऊन निघालेली माणसं जेसोर रस्त्याने लोंढ्यांनी भारतात येत होती. वर्षअखेरीपर्यंत त्यांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. त्यातच पाऊस लागला, छावण्यांमधल्या पिण्याच्या पाण्यात मैला मिसळला आणि पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ भडकली. सीमेला लागून असलेल्या या लहानशा गावात पटकीच्या रुग्णांसाठी होत्या १६ खाटा. बाकीचे रुग्ण जमिनीवर, जुलाब-उलट्यांच्या थारोळ्यात पडलेले. त्यांच्या शिरेत सुई घालायची तर डॉक्टरला त्याच घाणीत गुडघे टेकून बसावं लागे.

इथे आले डॉ. दिलीप महालनबिस. वय छत्तीस, पेशाने बालरोगतज्ज्ञ. कोलकात्यात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात पटकीवरच काम करणारे. त्यांच्या तुकडीत शिरेतून सलाईन लावण्याचं शिक्षण घेतलेली माणसं होती दोन.

उपचार ठाऊक नव्हता असं मुळीच नाही. पटकीत माणूस मरतो तो पाणी आणि क्षार गमावून. ते वेळेवर शिरेतून परत मिळाले तर जवळपास प्रत्येक जण वाचतो, आणि ढाक्या-कोलकात्याच्या चांगल्या वॉर्डांमध्ये त्या काळी मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलेलंही होतं. बनगावात गाडी अडली ती हिशेबावर. ५० किलोचा माणूस नाडी लागेनाशी होईपर्यंत खचतो, तेव्हा त्याने वजनाचा साधारण दहावा हिस्सा, म्हणजे पाच लिटर द्रव गमावलेलं असतं. ते भरून काढलं म्हणून जुलाब थांबत नाहीत. वाईट अवस्थेत तासाला लिटरभर पाणी जात राहतं आणि तितकंच पुन्हा द्यावं लागतं. म्हणजे एका माणसामागे निर्जंतुक बाटल्यांचा ढीग, शिवाय नळ्या, सुया आणि बाटली बदलणारा माणूस. रुग्ण हजारोंनी येत होते. दोन दिवसांतच महालनबिसांना कळून चुकलं की या मार्गाने आपण हरणार.

त्यांनी जो दुसरा मार्ग धरला, तो समजण्यासाठी आतड्याच्या आतल्या अस्तरापर्यंत उतरावं लागेल.

अस्तरापलीकडे

धडधाकट माणसाच्या लहान आतड्यात रोज साधारण नऊ लिटर द्रव येतं. त्यातलं दोनेक लिटर आपण खाल्ल्या-प्यायल्यातून. बाकीचं शरीर स्वतःच ओततं, लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा आणि आतड्याचा रस मिळून. शौचातून बाहेर पडतं ते शंभर-दोनशे मिलिलिटर. उरलेलं सगळं आतड्याच्या पेशी पार करून रक्तात परततं. रोजच्या रोज एवढी उलाढाल होते आणि आपल्याला तिची जाणीवही नसते.

आता गंमत अशी की हे पाणी कुणीही ओढून नेत नाही. सोडियमला पंप आहे, कॅल्शियमला आहे, जठरातल्या आम्लाला आहे. पाण्याला कुठल्याच पेशीत पंप नाही. पेशीपटल मेदाचं दुपदरी असतं. त्यातून पाण्याचे रेणू थोडे थोडे झिरपतात. काही पेशींमध्ये पाण्यासाठी खास प्रथिनांचे मार्गही असतात, ज्यांच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ चं नोबेल मिळालं. पण मार्ग म्हणजे पंप नव्हे. पाणी कुठल्या दिशेला जाईल हे ठरतं पटलाच्या दोन्ही बाजूंना विरघळलेल्या कणांच्या संख्येवरून. जिकडे कण जास्त, तिकडे पाणी. हेच परासरण, शाळेच्या पुस्तकात बेदाणे पाण्यात फुगतात आणि मिठाच्या द्रावणात आक्रसतात, तेच.

पुस्तकात न सांगितलेली गोष्ट म्हणजे या ओढीची ताकद. लिटरमागे एक मिलिऑस्मोल, म्हणजे कणांच्या मोजदादीतला अगदी किरकोळ फरक, पाण्यावर पाऱ्याच्या सुमारे १९ मिलिमीटरइतका दाब आणतो. सहा मिलिऑस्मोलचा फरक म्हणजे जवळपास हृदयाच्या ठोक्याचा दाब. रक्तात लिटरमागे एकूण सुमारे २९० मिलिऑस्मोल असतात, म्हणजे दोन टक्क्यांचा फरक पडला तरी पाणी हलतंच. लहान आतड्याचं अस्तर या बाबतीत फार ढिलं आहे. दोन पेशींमधल्या फटींतून पाणी आणि लहान क्षार सहज ये-जा करतात. म्हणून काहीही प्यायलं तरी ते लहान आतड्यात थोड्याच वेळात रक्ताइतकंच संहत होतं, समपरासारी होतं. प्यायलेलं द्रव अतिपरासारी, म्हणजे रक्तापेक्षा जास्त कणांचं, असेल, तर त्यासाठी लागणारं पाणी रक्तातून येतं.

हा शेवटचा मुद्दा पुढे पुन्हा लागेल.

जंतूने केलेली उलथापालथ

पटकीचा जंतू आतड्याच्या भिंतीत शिरत नाही. तो अस्तराला चिकटून एक विष सोडतो. असं बाहेर पडणारं विष असतं, हे कोलकात्याच्याच शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवून दिलं होतं. विष पेशीत गेलं की आतली एक कळ दाबलेलीच राहते आणि पेशीच्या आतड्याकडच्या बाजूचे क्लोराइडचे मार्ग उघडेच राहतात. क्लोराइड आतड्याच्या पोकळीत वाहू लागतं. ते ऋणभारित, म्हणून त्याच्या ओढीने सोडियम फटींतून मागोमाग येतं. क्षार साचले की पाणी येतं. विषाने पाण्याला हातही लावलेला नसतो. एक मार्ग उघडा ठेवला, बाकीचं सगळं उतारावरून आपोआप झालं.

दुसरा घाव शोषणावर. सोडियम आणि क्लोराइड जोडीने आत घेणारी आतड्याची नेहमीची यंत्रणाही हे विष बंद पाडतं. मग रुग्णाला नुसतं मिठाचं पाणी पाजलं तर मीठ आत जात नाही, पोकळीतच राहतं, आणि राहिलेलं मीठ पाणी धरून ठेवतं. साधं पाणी पाजलं तर त्यातलं काही शोषलं जातं खरं, पण रक्तातला सोडियम फटींतून त्या पाण्यात उतरतो आणि जुलाबाबरोबर निघून जातो. पाणी परत आलं, क्षार नाही; रक्त पातळ होत जातं. ‘तोंडावाटे काही देऊ नका, आतड्याला विश्रांती द्या’ हा त्या वेळच्या डॉक्टरांचा आग्रह अडाणीपणातून आलेला नव्हता. पाजलेलं पाणी वाया जाताना त्यांनी प्रत्यक्ष पाहिलं होतं.

पण एक रस्ता विषाच्या तडाख्यातून सुटतो. आतड्याच्या पेशीवर एक वाहक प्रथिन असतं, ते ग्लुकोज आत घेतं. मात्र एकट्या ग्लुकोजला नेत नाही, दर रेणूबरोबर दोन सोडियम लागतात. ही जोडवाहतुकीची कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग इथल्या परिषदेत मांडली. पेशीत सोडियम कायम कमी असतो, कारण पलीकडच्या बाजूचा पंप तो सतत रक्ताकडे फेकत असतो. त्या उतारावरून सोडियम आत घसरतो आणि ग्लुकोजला ओढून आणतो. मग ग्लुकोज पेशीच्या मागच्या बाजूने दुसऱ्या वाहकातून रक्तात उतरतं. तिथे पुन्हा ऊर्जा लागत नाही, ते सुकर विसरण, म्हणजे वाहकाच्या मदतीने जास्तीकडून कमीकडे जाणं. सोडियम आणि ग्लुकोज पलीकडे गेले की कणांचं पारडं पलीकडे झुकतं आणि पाणी त्याच दिशेला निघतं.

सगळ्या साखळीत ऊर्जा खर्च होते ती एकाच ठिकाणी, त्या सोडियम पंपावर. पाण्यासाठी वेगळा छदामही लागत नाही. हेच वाहक प्रथिन आपल्या प्रत्येक फेरीत पाण्याचे शेकडो रेणूही थेट सोबत नेतं, असा लॉस एंजेलिसमधल्या एका गटाचा दावा आहे. त्यावर अजून वाद आहे. दावा खरा ठरला तरी पाण्याला आधी सोडियम आणि साखर हलण्याची वाट पाहावी लागते, यात फरक पडत नाही.

खरं तर हे औषध बनगावात जन्मलं नाही. कोलकात्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३ मध्येच ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं की १८६ पटकीच्या रुग्णांना ग्लुकोज-मिठाचं पाणी तोंडावाटे देऊन बरं केलं. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पेशीतली यंत्रणा तेव्हा कळलेली नव्हती आणि मोजमापंही तोकडी होती, हे त्याचं एक कारण. दुसरं बहुधा हे की लिहिणारा कोलकात्याच्या वॉर्डातला होता. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी मोजून-मापून दाखवलं की तोंडावाटे ग्लुकोज-क्षारांचं पाणी दिलं तर शिरेतून द्याव्या लागणाऱ्या द्रवाची गरज सुमारे ८० टक्क्यांनी घटते. पण ते झालं संशोधन वॉर्डात. तिथे किती आत गेलं, किती बाहेर आलं याची घटकेघटकेला नोंद ठेवणारी प्रशिक्षित माणसं होती. छावणीत, बिनशिकलेल्या हातांनी, देखरेखीशिवाय हे जमेल असं कुणी म्हणत नव्हतं.

वाचनालयातला कारखाना

महालनबिसांनी ते जमवायचं ठरवलं. कोलकात्यातल्या केंद्राच्या वाचनालयात टेबलं मांडली गेली. ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा तोलून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरायचे आणि गरम इस्त्रीने पिशवीचं तोंड बंद करायचं. बनगावात हे मिश्रण पिण्याच्या पाण्यात कालवून तोटी लावलेल्या पिंपांत भरलं जाई.

प्रमाण होतं लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम सोडा. हे आकडे कागदावर मांडून पाहण्यासारखे आहेत. ग्लुकोजचे होतात सुमारे १२२ मिलिमोल (मिलिमोल हे रेणूंची संख्या मोजण्याचं माप). मिठाचे ६०, पण मीठ पाण्यात सुटतं म्हणून कण १२०. सोड्याचे ३०, तेही सुटतात, कण ६०. बेरीज ३०२. रक्ताच्या २९० च्या अगदी शेजारी. म्हणजे हे पाणी आतड्यात पोचल्यावर कोणत्याही बाजूला मोठी ओढ निर्माण करत नाही. मग वाहक ग्लुकोज आणि सोडियम उचलू लागतो, पोकळीतले कण घटतात, आणि पाणी रक्ताकडे निघतं. सोडा अशासाठी की पटकीच्या जुलाबात बायकार्बोनेट भरपूर जातं आणि रक्त आम्लाकडे झुकतं. पोटॅशियम या मिश्रणात नव्हतं. ती उणीवच होती, पण तीन पदार्थ तोलणं आणि चार तोलणं यांत अशा वेळी फरक पडतो, आणि तीन पुरतील हा अंदाज चुकला नाही.

देण्याची पद्धत मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत धाडसी वाटते. आई, भाऊ, शेजारी, जो कुणी रुग्णाबरोबर आला असेल त्याच्या हातात पेला द्यायचा आणि पाजत राहायला सांगायचं. उलटी झाली तरी थोडं थोडं चालू ठेवायचं. किती पाजायचं? तहान भागेपर्यंत. पाणी गमावलेलं शरीर तहानेतून आपली गरज बऱ्यापैकी अचूक सांगतं. गरज पुरी झाली की खारट-गोड पाणी नकोसं होतं. ज्यांची नाडी लागत नव्हती, जे शुद्धीवर नव्हते, त्यांना आधी शिरेतूनच द्रव दिलं जाई. असलेल्या बाटल्या अशा रीतीने त्यांच्यासाठी राखल्या गेल्या. शुद्धीवर आले की तेही पेल्यावर.

तुकडीतल्या सगळ्यांना हे पटलं होतं असं नाही. सलाईन हाच खरा उपचार आणि पाजायचं पाणी म्हणजे नाइलाजाची मलमपट्टी, अशी भावना होती. रुग्ण उठून बसताना दिसू लागले तेव्हा ती ओसरली. हे पाणी घरी कसं करायचं याची माहिती पुढे बांगलादेशी स्वातंत्र्यसैनिकांच्या गुप्त रेडिओ केंद्रावरूनही सांगितली गेली.

आकडे, आणि त्यांची मर्यादा

आठेक आठवड्यांत ३,७०० च्या आसपास रुग्णांवर उपचार झाले. मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्के. त्याआधी छावण्यांत ते ३० टक्क्यांपर्यंत होतं. १९७३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या वैद्यकीय नियतकालिकात हा अहवाल छापला गेला.

हा प्रयोग काटेकोर नव्हता. चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना एक आणि अर्ध्यांना दुसरा उपचार, असं इथे झालं नाही. करणं अमानुष ठरलं असतं. आधीचे ३० आणि नंतरचे ३.६ यांच्यामध्ये साथीची तीव्रता, रुग्ण किती लवकर आणले गेले, मदत किती वाढली, हे सगळं बदलत होतं. आलेल्या प्रत्येकाला पटकीच झाली होती असंही नाही. त्यामुळे घट पूर्णपणे या पाण्याच्या नावावर मांडणं बरोबर नाही. पण ढाक्यातल्या मोजमापांनी यंत्रणा सिद्ध केलीच होती. बनगावला फक्त एवढं दाखवायचं होतं की हा उपचार डॉक्टरशिवाय, चिखलात, नातेवाइकांच्या हातून चालतो. तेवढं निर्विवाद दिसलं.

जागतिक आरोग्य संघटनेचे धीमान बरुआ यांनी हे काम बनगावात जाऊन पाहिलं आणि संघटनेत त्याचा पाठपुरावा केला. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ने अग्रलेखात लिहिलं की पाणी आणि सोडियमच्या शोषणाला ग्लुकोज मदत करतं हा शोध कदाचित या शतकातली सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती ठरेल. महालनबिस २०२२ मध्ये गेले. पद्मविभूषण त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर मिळालं.

पुडी आणि पेला

आपल्याकडे या पाण्याला जलसंजीवनी किंवा ओआरएस म्हणतात, आणि तरीही जुलाब झाले की दवाखान्यात पहिली मागणी असते ती ‘डॉक्टर, सलाईन लावा’. शुद्धीवर असलेल्या, पिऊ शकणाऱ्या रुग्णाला बहुतेक वेळा त्याची गरज नसते. पण ते असो. परासरणाच्या दृष्टीने जास्त काळजीची गोष्ट वेगळीच आहे.

२००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेची जलसंजीवनी २४५ मिलिऑस्मोलची आहे. आधीची ३११ ची होती. ग्लुकोज आणि सोडियम दोन्ही लिटरमागे ७५ मिलिमोलवर आणले. रक्तापेक्षा थोडं सौम्य द्रावण असलं की पाण्याला आत जाण्यासाठी सुरुवातीपासूनच उतार मिळतो. मुलांवरच्या चाचण्यांत त्याने जुलाब आणि उलट्या घटल्या, सलाईन लावायची वेळ कमी आली. पटकीच्या प्रौढ रुग्णांत सोडियम फार खाली जाईल का, ही शंका त्या वेळी अनेकांनी घेतली होती आणि ती अस्थानी नव्हती. तरी सगळीकडे एकच पुडी हवी, या सोयीचं पारडं जड ठरलं.

आता ही लिटरची पुडी कुणी एका पेल्यात, २०० मिलिलिटरमध्ये कालवली तर? पाचपट संहत, म्हणजे १,२०० च्या वर. बाळाच्या आतड्यात ते पोचलं की पाणी रक्तातून पोकळीत येणार, जुलाब वाढणार, रक्तातला सोडियम चढणार. आजी म्हणणार, ‘औषधच बाधलं.’ बाजारात लिटरच्या आणि पेल्याच्या अशा दोन्ही मापांच्या पुड्या मिळतात, त्यामुळे हा गोंधळ सहज होतो. पुडीवरचं माप वाचूनच ती फोडावी. घरी करायचं तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

गोड पेयांचाही हाच हिशेब. लिटरला १०० ग्रॅम साखर असलेलं पेय घ्या. साखर आतड्याच्या अस्तरावर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, कण दुप्पट होतात, ५८० च्या पुढे जातात. सोडियम नाममात्र. असल्या पेयांवर ओआरएस ही अक्षरं छापून ती औषधांच्या दुकानातही विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याला मनाई केली. उशीर झाला, पण झालं.

उलट आपली मीठ घातलेली तांदळाची पेज. परासरणात कणांची संख्या मोजली जाते, वजन नाही. स्टार्चचा रेणू प्रचंड. पेजेत ग्लुकोज भरपूर असतं, पण साखळीत अडकलेलं, म्हणून कण थोडे. अस्तरापाशी साखळी तुटत जाते, ग्लुकोज सुटतं आणि सुटल्या सुटल्या वाहक ते उचलतो. बांगलादेशात पटकीच्या रुग्णांवर तांदळाच्या पिठाची जलसंजीवनी वापरून पाहिली, तेव्हा ग्लुकोजच्या द्रावणापेक्षा जुलाब कमी झाले.

या सगळ्या युक्तिवादाची उलट तपासणी निसर्गानेच करून ठेवली आहे. क्वचित एखादं बाळ असं जन्मतं की त्याच्यात सोडियम-ग्लुकोजचा तो वाहकच बिघडलेला असतो. त्यामागचा जनुकीय बदल १९९१ मध्ये सापडला. अशा बाळाला आईचं दूध दिलं की जुलाब, साखरपाणी दिलं की जुलाब, आणि जलसंजीवनी दिली तरी जुलाबच. ग्लुकोज पोकळीत अडकून पडतं आणि पाणी त्याच्यापाशी थांबतं. दुधातली साखर आणि ग्लुकोज बंद करून फ्रुक्टोजवर बेतलेलं दूध सुरू केलं की जुलाब थांबतात. फ्रुक्टोजचा वाहक वेगळा, त्याला सोडियमची सोबत लागत नाही; जास्तीकडून कमीकडे, नुसत्या विसरणाने ते पेशीत उतरतं, आणि पाणी त्याच्यामागे जातं.